नकाशावरची रेघ आणि भिंतीतला दगड

दगडमातीच्या भिंतीची जाडी दीड फुटापेक्षा जास्त नसावी. भिंतीचा आतला आणि बाहेरचा पदर एकमेकांना बांधून ठेवणारा आरपार दगड दर दोन फूट उंचीला यावा. अशा दोन दगडांमधले आडवे अंतर चार फुटांपेक्षा जास्त नसावे.

भारतीय मानक ब्युरोच्या 'आयएस १३८२८' या मानकातील एका तरतुदीचे हे साध्या मराठीतले सार आहे. मूळ मजकुरात ४५० मिलिमीटर, ६०० मिलिमीटर आणि १.२ मीटर असे आकडे आहेत. फूट मी केले, कारण आमच्याकडचा गवंडी अजून फुटांतच बोलतो. या मानकाचे साल आहे १९९३. त्याच वर्षीच्या ३० सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक गाढ झोपेत असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर पट्ट्यातल्या दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या भिंती माणसांवर कोसळल्या. त्या भिंतींत असा आरपार दगड क्वचितच होता.

किती माणसे गेली याचा एकच आकडा आजही सांगता येत नाही. सरकारी अहवालांत ७,९२८ हा आकडा येतो, भूकंपांच्या आंतरराष्ट्रीय सूचींत ९,७४८. दोन आकड्यांमध्ये अठराशेहून अधिक माणसांचे अंतर आहे.

मी तेव्हा विशीत होतो आणि उस्मानाबाद शहरात राहत होतो. भूगर्भशास्त्राचे किंवा स्थापत्याचे रीतसर शिक्षण मला नाही. गेली वीसेक वर्षे या भूकंपासंबंधीचे नकाशे, मानके, अहवाल आणि शोधनिबंध मिळतील तसे जमवून, शब्दकोश हाताशी घेऊन वाचत आलो आहे. साहित्यकृतीची समीक्षा करताना आपण विचारतो, हा मजकूर कोणासाठी लिहिला आहे, आणि तो त्याच्यापर्यंत पोहोचतो का? तोच प्रश्न मी इथे सार्वजनिक संशोधन संस्थांच्या कागदांना विचारणार आहे.

भूकंपाविषयी माणसाला दोन प्रश्न पडतात. तो कधी येईल, हा पहिला. आला तर काय पडेल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर जगात कोणाकडेच नाही. दुसऱ्याचे उत्तर आपल्या संस्थांकडे १९९३ च्या पुष्कळ आधीपासून होते. माझी तक्रार एवढीच आहे की, पहिल्या प्रश्नाच्या गदारोळात दुसऱ्याचे उत्तर गावापर्यंत नेण्याची जबाबदारी कोणाच्याच नावावर लागली नाही. आणि मधली चार-पाच वर्षे सोडली, तर आजही ती लागलेली नाही.

नकाशा

पहिला कागद म्हणजे देशाचा भूकंपप्रवणता नकाशा. मानक ब्युरोने तो १९६२ मध्ये पहिल्यांदा काढला. कोयनेचा परिसर त्यात जवळपास निर्धास्त समजला गेला होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले, पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली आणि १९७० च्या सुधारित नकाशात कोयना थेट चौथ्या झोनमध्ये गेली. पुढे १९८४ च्या मानकात किल्लारी-सास्तूरचा परिसर झोन १ मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या रंगात होता. या झोनमध्ये धक्क्याची तीव्रता फार तर पाचपर्यंत जाईल, असे गृहीत होते. किल्लारीत ती आठच्या पुढे गेली. २००२ च्या सुधारणेत झोन १ ही वर्गवारीच रद्द झाली आणि किल्लारीचा परिसर झोन ३ मध्ये आला.

याला कोणी वरातीमागून घोडे म्हणेल. मला ती टीका अर्धीच पटते. नकाशा काढणाऱ्यांपुढे त्या काळी ज्या नोंदी होत्या, त्यांवरूनच रेघ ओढता येत होती. दख्खनच्या कातळाखाली काय दडले आहे, याची नीट माहिती नव्हती. विज्ञान चुकते आणि दुरुस्त होते. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

दोष नकाशाच्या भाषेत आहे. 'इथे भूकंपाची नोंद नाही' आणि 'इथे भूकंपाचा धोका नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत. नकाशात ती एकाच रंगाने रंगवली गेली. आपल्या अज्ञानाचा रंग नकाशाने वेगळा दाखवला नाही. विहीर खोदणारा शेतकरीसुद्धा 'इथं पाणी नाही' आणि 'इथं अजून कुणी खोदून पाहिलं नाही' यांत फरक करतो. अभ्यासकाला झोन १ मागची अनिश्चितता ठाऊक असते. नियोजन करणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर मात्र ती पोहोचते 'सुरक्षित' होऊन. ज्ञान वाटले जाते तेव्हा त्यातला आकडा पुढे जातो आणि आकड्याभोवतीची शंका मागेच राहते, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

भूकंपाआधीचे वर्ष

ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९२ या काळात किल्लारी परिसरात शंभराहून अधिक लहान धक्के जाणवले. १८ ऑक्टोबरचा धक्का त्यांत मोठा, सुमारे ४ तीव्रतेचा होता. यातले मोठे धक्के सव्वादोनशे किलोमीटरवरच्या हैदराबादच्या यंत्रांवरही उमटले. लोक धास्तावले होते. हळूहळू धक्के थांबले आणि भीतीही निवली. साधारण अकरा महिन्यांनी मुख्य भूकंप आला.

यावरून 'शास्त्रज्ञांना कळायला हवे होते' असे आमच्या भागात अजूनही बोलले जाते. ते अन्यायाचे आहे. लहान धक्क्यांच्या अशा मालिका जगभर येतात आणि बहुतेक वेळा काही न होता विरून जातात. त्यांतली कोणती मालिका मोठ्या भूकंपाच्या आधीची आहे, हे आधी सांगण्याची पद्धत तेव्हा नव्हती, आजही नाही.

इटलीतल्या लाक्विला या शहराचे प्रकरण इथे आठवते. २००९ च्या सुरुवातीला तिथे महिनोन्महिने बारीक धक्के बसत होते. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली आणि लोकांपर्यंत संदेश गेला तो दिलाशाचा. ६ एप्रिलच्या रात्री भूकंप झाला आणि ३०९ माणसे मेली. पुढे सहा शास्त्रज्ञ आणि एक अधिकारी यांना २०१२ मध्ये खालच्या न्यायालयाने दोषी ठरवले. त्यांतले सहाही शास्त्रज्ञ २०१४ मध्ये अपिलात सुटले. भाकीत न केल्याबद्दल शास्त्रज्ञांना तुरुंगात धाडायचे का, असा या खटल्याचा बोलबाला झाला. प्रत्यक्षात वादाचा मुद्दा होता तो दिलाशाचा. 'सांगता येत नाही' या प्रामाणिक उत्तराचे, वरून खाली येता येता, 'काळजीचे कारण नाही' असे भाषांतर कसे होते, हा.

आता १९९२ च्या किल्लारीकडे या प्रकाशात पाहा. लोक विचारत होते, मोठा भूकंप येणार का? प्रामाणिक उत्तर होते, सांगता येत नाही. पण त्याच दमात आणखी एक वाक्य सांगता आले असते: येईल की नाही ते माहीत नाही, मात्र आला तर तुमच्या माळवदाच्या या भिंती टिकणार नाहीत, निदान छतावरची माती कमी करा, आणि नवी भिंत घालाल तेव्हा तीत आरपार दगड घाला. अकरा महिन्यांत सगळी गावे सुधारली नसती. काही घरे नक्की सुधारली असती.

मानक

हे वाक्य सांगण्याइतके ज्ञान तेव्हा होते का? होते, आणि ते परदेशातून आणण्याचीही गरज नव्हती. रुडकी विद्यापीठात भूकंप अभियांत्रिकीचे स्वतंत्र केंद्र १९६० पासून काम करत होते. तिथले प्राध्यापक आनंद स्वरूप आर्य यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने, अभियंत्याविना बांधल्या जाणाऱ्या घरांसाठी जगभर वापरली जाणारी मार्गदर्शिका १९८६ मध्ये तयार केली होती. कोयनेच्या भूकंपातही ओबडधोबड दगडांच्या घरांचेच सर्वाधिक नुकसान झाले होते. म्हणजे दगडमातीची भिंत कशी फुटते, हा धडा महाराष्ट्राच्या भूमीवर, महाराष्ट्राच्या माणसांची किंमत मोजून, सव्वीस वर्षे आधी शिकून झाला होता.

भिंत फुटते कशी, हे समजायला अवघड नाही. आमच्याकडची जुनी भिंत म्हणजे खरे तर दोन भिंती. एक पदर बाहेर, एक आत, आणि मधल्या पोकळीत चिपा आणि माती. गवंडी दोन्ही बाजूंनी चांगला चेहरा असलेला दगड लावतो आणि पोट कसेही भरतो. हादरा बसला की मधली माती खाली बसते आणि दोन्ही पदर पोट सुटल्यासारखे बाहेर फुगतात. वर माळवद असते. लाकडी सरांवर फूट-दीड फूट, कधी त्याहून जास्त मातीचा थर. उन्हाळ्यात घर गार राहावे आणि पावसात गळू नये म्हणून दर वर्षी त्यावर पांढऱ्या मातीची आणखी एक पाटी पडायची. ही सगळी माती त्या पहाटे खाली आली. ज्या घरांत छताचा भार लाकडी खांबांवर होता, तिथे कुठे कुठे खांब उभे राहिले आणि भिंती आडव्या झाल्या.

ही माळवदे अडाणीपणाने बांधली गेली नव्हती. कडक उन्हाला, कमी पावसाला, स्थानिक दगडाला आणि बाभळीच्या लाकडाला दिलेले ते शहाणे उत्तर होते. त्यात फक्त एका प्रश्नाचा विचार नव्हता, कारण तो प्रश्न कोणाच्या आठवणीतच नव्हता. आठवणीच्या पलीकडचे सांगणे हेच तर सार्वजनिक संशोधनाचे काम. पिढ्यांच्या अनुभवातून जे कळते, ते सांगायला संस्था लागत नाही.

आयएस १३८२८ हे मानक नेमके अशाच घरांसाठी आहे. नावच 'कमी ताकदीच्या बांधकामाचा भूकंपरोध वाढवणे' अशा अर्थाचे. म्हणजे ते कोणासाठी आहे? दगडमातीचे घर बांधणाऱ्यासाठी. असे घर कोण बांधतो? सास्तूरचा, पेठसांगवीचा, माकणीचा गवंडी. आणि मानक होते कुठल्या भाषेत? इंग्रजीत. मिळत होते कसे? अनेक वर्षे विकत. अलीकडे ब्युरोने आपली मानके मोफत उतरवून घेण्याची सोय केली, ही चांगली गोष्ट झाली. पण दार उघडले म्हणून रस्ता होत नाही. मोफत इंग्रजी आणि विकतचे इंग्रजी यांत आमच्या गवंड्याला फरक पडत नाही.

याच मानकाची मराठी प्रत किंवा निदान एखादे पत्रक मिळते का, हे विचारायला मी काही वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. तिथल्या माणसाने निर्मळ मनाने मला विचारले, "मराठीत कशाला? हे इंजिनिअर लोकांसाठी असतंय की." तो खोटे बोलत नव्हता. व्यवहारात मानक इंजिनिअरसाठीच असते. फक्त ज्या घरांसाठी ते लिहिले आहे, त्या घरांवर इंजिनिअर कधी येत नाही.

हप्त्यांचा तक्ता

चौथा कागद जिव्हाळ्याचा आहे, कारण एकदाच का होईना, ज्ञान त्या कागदावरून खरोखर गावात उतरले.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम उभा राहिला. सर्वाधिक पडझड झालेली ५२ गावे नव्या जागी हलवली गेली. त्या नव्या गावांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे: शहरासारखे चौकोनी आराखडे, एकमेकांपासून लांब पडलेली घरे, जनावरांना जागा नाही. मला बोलायचे आहे ते कमी चर्चा झालेल्या तिसऱ्या गटाविषयी. तेरा जिल्ह्यांतल्या चोवीसशे-पंचवीसशे गावांतली, पडझड झालेली पण उभी राहिलेली सुमारे दोन लाख घरे. त्यांच्या मालकांना दुरुस्ती आणि मजबुतीसाठी नुकसानीनुसार १७,००० किंवा ३४,००० रुपये हप्त्याहप्त्याने मिळायचे. काम मालकानेच करून घ्यायचे.

इथे मानकातले ज्ञान बदलले. त्याची एक यादी झाली. माळवदावरची माती कमी करा. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यात तिरपा टेका द्या. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरा. भिंतीला वरून जाळी-सिमेंटचा पट्टा बांधा. गावोगावी संवाद सहायक नेमले गेले. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने महिला मंडळांना यात ओढले. ज्या बाया आयुष्यभर भिंत लिंपत आल्या होत्या, त्या आता भिंतीत सळई पडली की नाही हे पाहू लागल्या. २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरले तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या अशा बाया तिकडच्या बायांना आपला अनुभव सांगायला गेल्या. एका संशोधन केंद्रातले ज्ञान रुडकीहून उमरग्याला आले आणि उमरग्याहून भुजला गेले, तेही मराठी बाईच्या तोंडून. ज्ञानप्रसारावर मी वाचलेल्या कोणत्याही धोरणापेक्षा हे उदाहरण मला मोठे वाटते.

तरीही या यशात एक भेग होती. अनेक घरमालकांनी जुनी दगडी भिंत मजबूत करण्याऐवजी त्या पैशांतून शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली आणि जुने घर जसेच्या तसे ठेवले. झोपायला नवी खोली, धान्याला, जनावरांना आणि म्हाताऱ्या माणसांना जुने घर. कारण उघड होते. ज्या दगडाने घरातली माणसे मारली, त्यावर पुन्हा विश्वास बसत नव्हता. 'दगड वाईट नाही, बांधणी वाईट होती' हे वाक्य यादीत बसत नाही. ते वर्षानुवर्षे बोलत राहावे लागते. कार्यक्रम मात्र पाचेक वर्षांत संपला. संवाद सहायकांचे काम संपले, मानधन संपले. प्रकल्प बंद होताना शिल्लक सिमेंटचा हिशेब कोणी तरी लिहून दिला असेल. शिल्लक ज्ञान कोणाच्या ताब्यात द्यायचे, याला रकाना नव्हता.

शोधनिबंध

एकीकडे गावातले काम थांबले, दुसरीकडे संशोधन जोरात सुरू राहिले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेसह अनेक संस्थांनी किल्लारीचा कसून अभ्यास केला. किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतले गेले. त्यात ३३८ मीटर काळ्या कातळाखाली आठ मीटरचा गाळाचा थर आणि त्याखाली अतिप्राचीन पायाचा खडक लागला. माकणीच्या निम्न तेरणा जलाशयाचा या भूकंपाशी संबंध आहे का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद झाले. काहींनी जलाशयाची भूमिका शक्य मानली. इतरांना एवढ्या उथळ जलाशयाने हे घडेल, हे पटले नाही. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी आपल्या तेरच्या परिसरात, प्राचीन तगर नगरीच्या जागी, जुन्या भूकंपाच्या खुणांचा शोध घेतला.

हे सारे उत्तम काम आहे. पण ते छापले गेले इंग्रजी नियतकालिकांत, आणि एकेका निबंधाची किंमत आमच्याकडच्या मजुराच्या काही दिवसांच्या रोजाइतकी. ज्या जमिनीला भोक पाडले, त्या जमिनीच्या मालकाला आत काय निघाले हे त्याच्या भाषेत कळायला नको का? तेरणेच्या वादाचे दोन्ही बाजूंनी समजावून सांगणारे एखादे मराठी टिपण कोणा संस्थेने काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ती जागा रिकामी राहिली आणि तिथे अफवा राहायला आल्या. धरणामुळे झाला, स्फोटामुळे झाला, बोअर घेतल्यामुळे झाला. चहाच्या टपरीवर आजही ही चर्चा ऐकू येते. आपण तिला हसतो, पण दुसरे काही ऐकायला मिळाले असते तर लोकांनी तेही ऐकले असते.

धोरणाच्या पातळीवर गेल्या काही वर्षांत चांगले शब्द लिहिले गेले आहेत. सरकारी माहिती खुली करण्याचे राष्ट्रीय धोरण २०१२ चे. वैज्ञानिकांच्या सामाजिक उत्तरदायित्वाची मार्गदर्शक तत्त्वे मे २०२२ ची. यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण पहिल्याने माहिती 'ठेवली' जाते आणि दुसऱ्याने शास्त्रज्ञ वर्षातले काही दिवस 'देतो'. घेणाऱ्याच्या हाती काय पडले, हे मोजण्याची सोय दोन्हींत दिसत नाही. निबंधाला किती उद्धरणे मिळाली याची मोजणी होते. किती भिंतींत आरपार दगड पडला याची होत नाही.

आजची भिंत

हे जुने उगाळण्याचे कारण असे की, भूकंप ही मराठवाड्यात जुनी गोष्ट झालेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून आवाज येऊ लागले आणि गाव पुन्हा रात्री जागू लागले. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. नांदेड-परभणीपर्यंत लोक घराबाहेर आले. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राकडून तीव्रता, खोली, अक्षांश-रेखांश ही माहिती आता काही मिनिटांत भ्रमणध्वनीवर येते. १९९३ च्या तुलनेत ही झेप मोठी आहे. पण ही सगळी उत्तरे पहिल्या प्रश्नाच्या कुळातली.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्या दिवशी एका ठिकाणी मिळाले. घरावर पत्रे असतील आणि ते उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले असतील, तर ते काढून घ्या, असे आवाहन प्रशासनाने केले. एक ओळ, मराठीत, करता येण्यासारखी, आणि ऐकणाऱ्याचे घर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली. ज्ञान वाटणे म्हणजे काय, याची व्याख्या कोणी विचारली तर मी ही ओळ दाखवीन.

दरम्यान आमची भिंत बदलली आहे. दगड मागे पडला, विटा, ब्लॉक आणि काँक्रीटचे खांब आले. 'आरसीसी म्हणजे भक्कम' हा नवा समज जुन्या माळवदाइतकाच जाड आहे. कच्छच्या भूकंपात अहमदाबादेतल्या काँक्रीटच्या इमारती कोसळल्या होत्या, हे आपण विसरलो. घरकुल योजनेत सपाट भागातल्या लाभार्थ्याला १ लाख २० हजार रुपये मिळतात, हप्ते कामाच्या टप्प्यांवर सुटतात आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो ठिकाणाच्या नोंदीसह चढवावा लागतो. म्हणजे दर घराची तपासणी करणारी यंत्रणा सरकारने उभी केलेली आहे. पण फोटोत भिंतीची उंची दिसते. तिच्या पोटात काय आहे ते दिसत नाही.

म्हणून माझ्या सूचना मोठ्या नाहीत. घरकुलाच्या टप्प्यांत एक फोटो वाढवावा: खिडकी-दरवाजाच्या डोक्यावरून घरभर फिरणाऱ्या पट्ट्यातली सळई, काँक्रीट ओतण्यापूर्वीची. हा पट्टा चारी भिंतींना कमरपट्ट्यासारखा एकत्र बांधतो. खर्च त्या मानाने थोडा. मानक ब्युरोने दगड, वीट आणि मातीच्या घरांच्या मानकांचे चार पानी मराठी सार, फुटांत आणि चित्रांसह, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागेल असे काढावे. आणि आमच्या जमिनीवर संशोधन करणाऱ्या प्रत्येक संस्थेने निबंधाबरोबर दोन पानांचे मराठी टिपण जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावे. त्यात 'आम्हाला हे अजून कळलेले नाही' असा एक परिच्छेद सक्तीचा असावा.

आमच्या गावच्या वाड्यातली एक माळवदाची खोली अजून उभी आहे. मागच्या वर्षी तिची एक बाजू फुगली म्हणून गवंडी बोलावला. साठी ओलांडलेला माणूस, बापापासूनचा धंदा. मी त्याला दोन फूट-चार फुटांचा हिशेब सांगितला. त्याने पडलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यात नजर फिरवली, एक लांब दगड काढला, भिंतीवर आडवा धरून पाहिला आणि म्हणाला, "हे तर जुन्या गढीला हाय की. आमचा बाप म्हणायचा, लांब दगड कोपऱ्याला ठेवावा. मधी बी घालायचा, हे कुणी बोललं नव्हतं."

म्हणजे अर्धे ज्ञान त्याच्याकडे आधीपासून होते. उरलेले अर्धे एका वाक्याचे होते.

दर वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी अभिवादन होते. मंत्री येतात, बंदुकीच्या फैरी झडतात, फुले वाहिली जातात. ते व्हावेच. त्यानंतर तासभर, तिथेच, लातूर आणि धाराशिव या दोन्ही जिल्ह्यांतले गवंडी बोलावून एक फूटभर लांबीची भिंत उभी करून दाखवावी, आरपार दगडासह. शास्त्रज्ञाने यावे आणि गवंड्याच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. एखाद्या प्रश्नाला 'माहीत नाही' म्हणावे लागले, तर तेही मराठीत म्हणावे.